बिल्डिंगीत आणि घरात फायबर घेताना कोकणातले लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

आधी केबल टीव्हीच्या जाड काळ्या वायरी ओढायचो, आता फायबर ओढतो. रत्नागिरी, गणपतीपुळे, गुहागर, चिपळूण ह्या पट्ट्यात फिरणं असतं. पहिला पाऊस पडला की व्हॉट्सॲपवर लाल लाइटचे फोटो यायला लागतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच तेच असतात, टाइप करून करून बोटं दुखली म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. आधीच सांगतो, फायबर काचेमुळे क्वचितच बिघडतं. बिघडतं ते टोकाला, वळणावर, नाहीतर ज्या बॉक्सला कोणी वाली नाही त्या बॉक्सात.

काच आहे म्हणता, मग ती तुटत कशी नाही?

तुटते की. पण आपण समजतो तशी नाही. आतला काचेचा धागा १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि त्याच्यातही उजेड धावतो तो मधल्या ९ मायक्रॉनमधून. वरती प्लॅस्टिकचा पातळ लेप धरून २५० मायक्रॉन होतात, तो लेप आहे तोवर धागा बोटाभोवती गुंडाळला तरी लगेच काही होत नाही. सरळ ताण तो बऱ्यापैकी सोसतो, त्याला मारतो तो ओरखडा आणि घडी. आणि तुमच्या घरात येते त्या ड्रॉप केबलमध्ये धाग्याच्या दोन्ही बाजूंना ताण घ्यायला काड्या असतात, फायबरग्लासच्या नाहीतर स्टीलच्या, त्यामुळे ओढताना जोर काचेवर येत नाही. फक्त केबल धरूनच ओढायची, आतला धागा धरून नाही. हसू नका, हे करणारे बघितलेत.

काच इतकी स्वच्छ केली तर उजेड मैलोगणती जाईल हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं, त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. त्याच्या आधी १९५० च्या दशकात आपल्या पंजाबातले नरिंदर सिंग कपानी लंडनमध्ये काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पाठवून बसले होते. आज साध्या फायबरमध्ये किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी (उजेड किती घटला ते मोजायचं माप) एवढंच नुकसान होतं, म्हणजे गावातल्या गावात अंतराची काळजी करायची गरजच नाही.

नवीन बिल्डिंग होतेय, बिल्डरला नेमकं काय सांगायचं?

हा प्रश्न प्लास्टरच्या आधी विचारलात म्हणून आधी धन्यवाद, बहुतेक जण पजेशन झाल्यावर विचारतात.

पहिलं म्हणजे खालपासून गच्चीपर्यंत एक वेगळी उभी डक्ट पाहिजे. लिफ्टच्या खड्ड्यातून नाही, आणि लाइटच्या मेन केबलबरोबर पण नाही. फायबरला करंटचा त्रास नसतो हे खरं, पण काम करणाऱ्या माणसाला असतो. उद्या कोणी पोरगा अंधारात हात घालून केबल शोधणार, तिथे ४४० व्होल्ट नको. मजल्या-मजल्याला त्या डक्टला दार आणि एक बॉक्स पाहिजे, आणि स्लॅबमधलं भोक केबल टाकून झाल्यावर बुजवून टाका, नाहीतर आग लागली तर तीच डक्ट चिमणीसारखी धूर वर नेते. आतली केबल पण एलएसझेडएच लिहिलेली घ्या, ती जळाली तर धूर कमी होतो आणि तो विषारी क्लोरिनवाला नसतो.

मजल्याच्या बॉक्सपासून प्रत्येक फ्लॅटमध्ये २५ मिमीचा पीव्हीसी पाइप, जमलं तर दोन. एक आता भरेल, दुसरा रिकामा राहू दे, रिकामा पाइप कधी वाया जात नाही. वळणाला एल्बो लावू देऊ नका, लांब बेंड लावा. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त वळणं आली तर मध्ये एक जंक्शन बॉक्स द्यायचा. आणि पाइपमध्ये जी.आय. तार किंवा नायलॉनची दोरी आधीच टाकून ठेवायची, तोंडाला कापडाचा बोळा कोंबून वरून टेप मारायची. हे शेवटचं सगळे विसरतात. एका बिल्डिंगीत मी १६ फ्लॅटचे पाइप बघायला गेलो, ११ मधून तार गेली आणि ५ मध्ये स्लॅबचं रबडं जाऊन दगड झाला होता, त्या ५ फ्लॅटवाल्यांच्या नव्या कोऱ्या हॉलमध्ये आज पांढरी केसिंग पट्टी दिसते आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो हे काय म्हणून.

फ्लॅटमधला पॉइंट कुठे द्यायचा? जिथे टीव्ही किंवा घराचा मध्य आहे तिथे, आणि शेजारी साधा प्लग पॉइंट. चपलांच्या कपाटात नको, एमसीबीच्या पत्र्याच्या डब्यात तर अजिबात नको, तिथे वायफायचा जीव गुदमरतो.

गेटपासून बिल्डिंगपर्यंत जमिनीखालून एचडीपीईचे दोन पाइप टाका, उतार बाहेरच्या बाजूला द्या, आणि तोंडं सील करा. आमच्याकडे पावसात पाइप म्हणजे पऱ्ह्याच होतो, सगळं पाणी थेट पार्किंगमध्ये. गच्चीवरून पण एक वाट ठेवा. खरं तर कंपन्यांना गच्चीच आवडते कारण खांबावरून सरळ वर ओढता येतं, पण ते दिसायला जाळं होतं.

२०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी स्टार रेटिंग द्यायचे नियम काढलेत, ते बिल्डरला सांगून बघा. कायद्यापेक्षा ‘ब्रोशरमध्ये छापता येईल’ हे ऐकून माणूस लवकर हलतो असा अनुभव आहे.

आमचं जुनं चिऱ्याचं, कौलारू घर आहे, पाइप वगैरे काही नाही, कसं करणार?

ही माझी आवडती कामं, वेळ खातात पण मजा येते. चिऱ्याचं एक आहे, ड्रिल लोण्यासारखं आत जातं आणि दुसऱ्या बाजूला बाहेर पडताना परातीएवढा टवका घेऊन पडतं. म्हणून शेवटचा इंचभर हॅमर बंद करून नुसतं फिरवत न्यायचं. भोक आतून बाहेर खाली उतरतं पाडायचं. सरळ किंवा उलटं पाडलंत तर पहिल्या झडीला भिंतीतून ओहोळ येणार आणि घरातली काकू माझं नाव काढणार, इंटरनेट कंपनीचं नाही. आणि केबल भोकात शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्यायचा, पाणी त्या झोळाच्या टोकावरून गळून जातं.

केबल कौलांवरून कधीच न्यायची नाही. कौलं परतायला माणूस चढला की गेलीच. वळचणीखालून, वाशांना सॅडल मारत न्यायची, पागोळ्यांच्या आतल्या अंगाने. गणपतीपुळ्याच्या बाजूला एका घरात मी नेहमीप्रमाणे सगळ्यात जवळचा रस्ता धरला, अंगणावरून सरळ. आजी ओटीवरून म्हणाल्या, ‘बाळा, तुळशीवरून वायर नको हो.’ मग पडवीला पूर्ण फेरी मारून गडग्याकडून आणली, बारा-तेरा मीटर केबल जास्त गेली. पुढच्या मे महिन्यात अंगणातल्या आंब्याची फांदी बरोब्बर त्या जुन्या रस्त्यावर पडली. तेव्हापासून आजींना विचारल्याशिवाय मी मार्किंग करत नाही.

माडाला केबल बांधू नका. माड वाऱ्यात हलतो, झावळ पडते, नारळ पडतो, आणि नारळ काढायला पाडेली चढतो त्याला तुमच्या केबलशी काही देणंघेणं नसतं. किनाऱ्याच्या जवळ असाल तर क्लॅम्प आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे मागा. खारा वारा काचेला काही करत नाही, पण साधा क्लॅम्प दोन पावसाळ्यांत गंजून पापडासारखा होतो आणि मग केबल स्वतःच्याच ओझ्याने खाली येते.

केबलला वळण किती चालतं?

जुन्या साध्या फायबरला, जी.६५२ लिहिलेलं असतं ते, बांगडीएवढा गोल. त्याच्यापेक्षा लहान नको. घरात वापरतात ते जी.६५७ए२ असेल तर साडेसात मिमी त्रिज्येचं वळण पण चालतं, म्हणजे एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान गोल. केबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. पण चालतं म्हणजे मुद्दाम करावं असं नाही, कपाट भिंतीला सरकवताना मागची केबल चेपली तर कुठलाच ए२ तुम्हाला वाचवत नाही. झिप टाय पण गच्च आवळू नका, टायच्या आत केबल हलली पाहिजे.

बॉक्स तळमजल्याला पार्किंगमध्ये बसवला तर काय बिघडतं? लावायला सोपा पडतो ना?

चिपळूणवाल्यांना विचारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजले गेलेच, कितीतरी ठिकाणी पाणी त्याच्या पण वर होतं. गंमत अशी की बॉक्समधला स्प्लिटर, म्हणजे एका धाग्यातला उजेड अनेक धाग्यांत वाटणारा तुकडा, नुसती काच असते, त्याला लाइट लागत नाही, तो पाण्यात बुडाला म्हणून शॉर्ट होत नाही. पण पाणी जातं ते चिखल घेऊन जातं, कनेक्टरच्या टोकावर गाळ बसतो, ९ मायक्रॉनच्या भोकापुढे चिखलाचा कण म्हणजे दरवाज्यात डंपर. धुऊन, पुसून काही पोर्ट परत चालतात, काही बदलावे लागतात. पण त्याच भिंतीवर स्विच आणि अडॅप्टर असेल तर ते भंगारात. म्हणून नदीकाठच्या, खाडीकाठच्या बिल्डिंगीत बॉक्स पहिल्या मजल्याच्या जिन्यात बसवा, जुन्या माणसांना विचारून पाणी कुठवर आलं होतं त्याच्यावर. आणि बाहेरच्या बॉक्सला केबल खालून घ्या, वरून नाही. वरून घेतली की पाणी केबलच्या अंगावरून थेट बॉक्समध्ये येतं.

राउटरवर लाल लाइट लागलाय, काय करू?

त्या लाइटखाली एलओएस लिहिलेलं असतं, सगळे त्याला लॉस म्हणतात आणि अर्थाने बरोबरच आहे ते, सिग्नल पोचत नाही. आधी घाबरून रिसेटचं भोक टोचू नका! त्याने सेटिंग उडतं आणि एका तक्रारीच्या दोन होतात. केबल जिथे मशीनला लागते तिथे बघा, कोणी झाडताना ओढली का, कपाटामागे घडी पडलीय का. शेजाऱ्याला विचारा, त्याचं पण गेलं असेल तर दोष तुमच्या घरातला नाही, खांबावरचा किंवा त्याच्या मागचा. फक्त तुमचं गेलं असेल तर ते पण सांगा, माझा अर्धा तास वाचतो. एवढं बघून झालं की फोन करा. ‘नेट नाही’ एवढाच मेसेज करू नका, कुठला लाइट कुठल्या रंगाचा आहे त्याचा फोटो पाठवा.

मी आलो की आधी पॉवर मीटर लावतो. अजिबात काही येत नसेल तर लेझर पेन मारतो, त्याचा लाल उजेड जिथे केबल तुटलीय तिथून बाहेर फुटतो. काळ्या जाड केबलमधून तो दिसत नाही, आतल्या पांढऱ्या केबलमध्ये आणि बॉक्समध्ये मस्त दिसतो. लांबचा दोष असेल तर ओटीडीआर, ते मशीन किती मीटरवर तुटलंय ते सांगतं. एक युक्ती सांगून ठेवतो, उजेडाच्या १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर सगळं ठीक आणि १५५० वर नुकसान जास्त दिसलं तर कुठेतरी केबल वळलीय, चेपलीय. दोन्हींवर सारखंच वाईट असेल तर घाण किंवा खराब जॉइंट.

टेक्निशियन ‘मायनस बावीस’ वगैरे म्हणतो, ते चांगलं का वाईट?

ते डीबीएम आहे, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका उजेड जास्त. घरात −१५ ते −२४ च्या आसपास असेल तर निवांत राहा. −२७ ला नेहमीच्या जीपॉन मशीनची, म्हणजे घरातल्या फायबर राउटरची, हद्द येते, तिथे मग दिवसा चालतं रात्री जातं असले खेळ सुरू होतात. −८ पेक्षा जास्त पण नको, डोळ्यात टॉर्च मारल्यासारखं होतं मशीनला. आणि ३ डीबी कमी झाले म्हणजे उजेड निम्मा झाला, हे लक्षात ठेवलं की बाकी सगळं समजतं.

एक उदाहरण करून बघू. पार्किंगच्या वर आठ मजले, मजल्याला चार फ्लॅट, एकूण ३२. एक्स्चेंज ६ किलोमीटरवर. तिथून निघताना +३. वाटेत ६ किलोमीटरचे २.१ गेले. बिल्डिंगीत खाली एक १:४ स्प्लिटर, त्याचे ७ गेले, मग दर दोन मजल्यांना एक १:८ स्प्लिटर, त्याचे साडेदहा. चार कनेक्टर ०.३ प्रमाणे १.२ आणि सहा जॉइंट ०.१ प्रमाणे ०.६. बेरीज २१.४, म्हणजे घरात −१८.४ मिळायला पाहिजेत. आता तुमच्याकडे −१९ आले तर काम चोख. −२५ आले तर नेट चालेल, टेक्निशियन ‘चालू झालं बघा’ म्हणून सही घेऊन जाईल, पण ६ डीबी कुठे गेले ते त्याला विचाराच. हिशोबापेक्षा इतकं कमी असेल तर कुठेतरी वाकलेली केबल किंवा घाणेरडं टोक आहे आणि ते पावसाळ्यात तुम्हाला भेटायला येणार आहे. बसवल्या दिवशीचा आकडा राउटरच्या खाली पेनाने लिहून ठेवा.

हिरवं कनेक्टर आणि निळं कनेक्टर, दिसायला सारखंच, बसतं पण, मग फरक काय?

हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. एकमेकांत बसतात हो, तोच तर घोळ आहे. तिरकं आणि सरळ समोरासमोर आलं की मध्ये फट राहते, उजेड वाया जातो आणि परत मागे फिरतो, टोकं पण खराब होऊ शकतात. हिरव्याला हिरवं, निळ्याला निळं. संपला विषय.

आणि टोकावर तोंडाने फुंकर मारू नका, तोंडातली वाफ बसते. बनियनने पुसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद, नाहीतर क्लीनर पेन. वापरात नसलेल्या टोकाला टोपी लावा. माझ्या हिशोबाने निम्म्या तक्रारी नुसत्या पुसण्याने जातात.

केबल तुटली, दुकानात शंभर-दीडशेला कनेक्टर मिळतं, मी घरी जोडू का?

ते फास्ट कनेक्टर. जुळतं, मी पण अडीअडचणीला लावतो. त्याच्या आत फायबरची दोन टोकं जेलमध्ये एकमेकांना टेकवलेली असतात, आणि आमच्या दमट हवेत ते वर्ष-दोन वर्षांत रुसतं. फ्यूजन मशीनने मारलेला जॉइंट वेगळा. वरचं प्लॅस्टिक सोलायचं, मग लेप सोलायचा, अल्कोहोलने पुसायचं, नीट पुसलं की काच किंचित किर्र वाजते, मग क्लीव्हरमध्ये टक् करून काटकोनात तोडायचं. मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर येतात, स्क्रीनवर दोन पाइप दिसल्यासारखी, एक ठिणगी, आणि दोनाचा एक धागा. ०.०१, ०.०२ असा आकडा येतो. वरून स्लीव्ह सरकवून तापवायची, झालं. स्लीव्ह जोडायच्या आधी घालायला विसरलात तर जॉइंट तोडून पहिल्यापासून, हे दर आठवड्याला एकदा होतंच, कोणी सांगत नाही.

जुलैमध्ये हे बाहेर करता येत नाही, वारा आणि तुषार. मी गाडीत काचा लावून, घाम पुसत, मांडीवर मशीन घेऊन बसतो, लोकांना वाटतं माणूस डबा खातोय.

विजा कडकडल्या की राउटर जळतो, फायबर काच आहे ना मग करंट येतो कुठून?

काचेतून येत नाही. येतो तो लाइटच्या बोर्डातून अडॅप्टरवाटे, किंवा लॅनच्या तांब्याच्या वायरीतून, किंवा ड्रॉप केबलमधल्या स्टीलच्या तारेवाटे. ही तिसरी वाट बऱ्याच जणांना माहीत नसते. गच्चीवरून येणाऱ्या केबलमध्ये स्टीलची तार असेल तर ती भिंतीबाहेरच सोलून क्लॅम्पला थांबवायची, घरात मशीनपर्यंत आणायची नाही. शक्य असेल तर फायबरग्लासच्या काडीची केबलच घ्या. आर्मर्ड केबल बिल्डिंगीत येत असेल तर तिचं चिलखत अर्थिंगला जोडलेलं पाहिजे. मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये गडगडायला लागलं की अडॅप्टर काढून ठेवा. फायबरची केबल काढायची गरज नाही, उलट काढाघालीत टोक घाण होतं.

लाइट गेली की नेट जातं, पूर्वीचा फोन तर चालायचा?

पूर्वीच्या फोनला एक्स्चेंजमधून तांब्यावरून वीज यायची. काचेतून वीज येत नाही. तुमच्या घरातल्या मशीनला स्वतःची वीज लागते. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, घ्यायच्या आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा. काही तास निघतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, खांबच आडवे झाले होते. तिथे कुठला यूपीएस पुरणार, ते सोडा.

उंदीर, मुंग्या, माकडं?

तिन्ही, आणि आमच्याकडे वाळवी चौथी. उंदरासाठी डक्टची भोकं बुजवा, पार्किंगमध्ये केबल लोखंडी पाइपातून घ्या. लाल मुंग्या बाहेरच्या बॉक्समध्ये घर करतात, पानं, माती आणि अंडी, एकदा झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत चढल्या, शिडीवरून उतरायला पायऱ्या लागल्या नाहीत. केबल जिथून बॉक्समध्ये जाते ती फट सिलिकॉनने बंद करा, रिकामी भोकं पण. केबल ओढताना खोबरेल लावायची काहींना सवय असते, धूळ चिकटते आणि मुंग्यांना आमंत्रण.

माकडांना उपाय नाही. वानरांची टोळी गच्चीवरून केबलला लोंबकळत पलीकडे जाते. केबल हवेत जितकी कमी तितकं बरं. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला टेकून केबल असेल तर ती आजच हलवा, वाऱ्यात पत्र्याची धार करवतीसारखी चालते, माकडाचं नाव उगाच होतं.

होमस्टे आहे, मुख्य घरापासून कॉटेज ७०-८० मीटरवर, लॅन केबल टाकू का?

लॅनची हद्द १०० मीटर आहे म्हणजे कागदावर बसतं, पण दोन इमारतींच्या मध्ये बाहेरून तांबं टाकू नका, वर विजेचं लिहिलंय तेच कारण. फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा उजेड लॅनमध्ये आणि लॅनचा उजेडात बदलणारे डबे. एकाच धाग्यावर चालणारे घेत असाल तर ते जोडीत येतात, ए आणि बी, एक १३१० वर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा त्याच्या उलट. दोन्ही ए आणून मालवणच्या एका दादांनी मला फोनवर तासभर बसवलं होतं. दोन बोलके एकत्र आले, ऐकणारा कोणीच नाही! केबल दोन धाग्यांची टाका, एक चालू, एक राखीव. वाळूत किंवा आगरात पुरत असाल तर पाइपातून आणि कुदळ लागणार नाही इतकी खोल, वर विटा नाहीतर चिऱ्याचे तुकडे, आणि कुठून गेलीय त्याचा फोटो फुटपट्टीसकट काढून ठेवा.

सोसायटीत तीन कंपन्यांच्या केबल लोंबकळतायत, कोणाला बोलायचं?

आधी आरशात बघायचं. परवानगी सोसायटीनेच दिलेली असते, ‘टाका हो’ म्हणून. ठराव करा की केबल डक्टमधूनच जाईल, दोन्ही टोकांना फ्लॅट नंबर आणि कंपनीचं नाव लावलेलं असेल, आणि कनेक्शन बंद झालं की महिनाभरात केबल काढून न्यायची. मेलेल्या केबलनेच डक्ट भरते. बॉक्सला कुलूप लावा आणि चावी सेक्रेटरीकडे ठेवा, वॉचमनकडे पण एक, कारण सेक्रेटरी साहेब गणपतीनंतर मुंबईला जातात.

कुठला फ्लॅट कुठल्या पोर्टवर ते कागदावर लिहून बॉक्सच्या दारामागे चिकटवा. मोठ्या केबलमध्ये धाग्यांचे रंग ठरलेले असतात, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी, असे बारा, त्याच क्रमाने लिहा.

आणि बिल्डिंगीला रंग काढायच्या आधी मला फोन करा. परांची बांधणारे बांबू केबलला टेकवतात आणि रंगारी केबलसकट भिंत रंगवतो, मग कुठली कुणाची ते शोधायला रंग खरवडावा लागतो.

हॉलमध्ये २०० एमबीपीएस, माजघरात काहीच नाही, फायबर बदलू?

फायबरचा दोष नाही, भिंतीचा आहे. चिऱ्याची जाड भिंत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय गिळून टाकते. माजघरापर्यंत लॅन केबल न्या आणि तिथे दुसरा राउटर लावा. गणपतीत घरी २२ माणसं आणि प्रत्येकाच्या हातात फोन असेल तर मात्र मला फोन करू नका.

घर वर्षभर बंद असतं, मेमध्येच येतो, केबल काढून टाकू?

नको. अडॅप्टर काढा, फायबरच्या टोकाला टोपी लावून गुंडाळी करून उंदराच्या आवाक्याबाहेर ठेवा.

लहान मुलं आहेत, काही धोका?

दोन. एक म्हणजे फायबरच्या टोकात बघायचं नाही. घरातल्या उजेडाची ताकद कमी असते, पण तो अवरक्त असल्यामुळे डोळ्याला दिसत नाही आणि समोर काय जोडलंय ते आपल्याला माहीत नसतं. दुसरं, काम झाल्यावर जमिनीवर तुटलेल्या काचेचे तुकडे राहतात, केसापेक्षा थोडे जाड, पायात शिरले तर दिसत नाहीत आणि दिवसभर टोचत राहतात. मी कापलेला प्रत्येक तुकडा टेपवर चिकटवून जुन्या औषधाच्या बाटलीत टाकतो. तुमच्याकडे येणारा माणूस तसं करत नसेल तर तो जायच्या आधी त्याला सांगा, आणि फरशी झाडू नका, चिकटटेप उलटी हाताला गुंडाळून टिपून घ्या.